अंगठीचें छायाचित्र आणि खिडकींतला उजेड

लग्नाची अंगठी ही वस्तु दिसावयास इवलीशी. परंतु जवळून तिचें छायाचित्र घ्यावयास बसलें म्हणजे ती किती हट्टी आहे हें कळून येतें. माणसाचा फोटो काढणें त्या मानानें सोपें. माणसाच्या कातडीवर उजेड पडला कीं तो चहूंकडे विखुरतो आणि चेहरा जसा आहे तसा दिसतो. घासून गुळगुळीत केलेल्या सोन्याचें तसें नाहीं. त्याला स्वतःचा असा चेहराच नसतो. समोर जें असेल तें तें दाखवितें. खिडकी असेल तर खिडकी, भिंतीवरचें कॅलेंडर असेल तर कॅलेंडर, आणि फोटो काढणारा मनुष्य वांकून पाहत असेल तर त्याचें नाक. म्हणून अंगठीचा फोटो काढणें म्हणजे वस्तुतः अंगठीच्या भोंवतालच्या जगाचा फोटो काढणें होय, ही एक गोष्ट ध्यानांत धरली तर पुढचें पुष्कळसें आपोआप समजूं लागतें.

दादरच्या एका जुन्या इमारतींत, तिसऱ्या मजल्यावर, मे महिन्यांतल्या एका रविवारीं हा प्रयोग झाला. निमित्त असें कीं, घरांतल्या नातीचा साखरपुडा ठरला होता व आजींची जुनी अंगठी आटवून त्या सोन्यांत भर घालून नवी करावयाची होती. आजींचें लग्न १९६३ सालचें, नोंदणी पद्धतीचें. दोन्हीं घरच्या वडील मंडळींचा रुसवा असल्यामुळें मांडव नाहीं, वाजंत्री नाहीं. कचेरींत सह्या झाल्या, हार घातले गेले, अंगठ्या बदलल्या गेल्या आणि चार मित्रांनीं मिळून चहा घेतला. त्या दिवसाचा एकही फोटो नाहीं. आजोबांची अंगठी पुढें लोकलच्या गर्दींत कोठें तरी पडली; ते स्वतः जाऊनही बरींच वर्षें झालीं. तेव्हां त्या दिवसाचा साक्षीदार म्हणून काय उरलें, तर ही एक अंगठी.

एवढ्यावरच प्रकरण थांबतें तर त्यांत विशेष कांहीं नव्हतें. परंतु शनिवारीं संध्याकाळीं आजींचे चिरंजीव अंगठी घेऊन सराफाकडे गेले. सराफानें ती कसोटीवर घांसून पाहिली व सांगितलें कीं, सोनें हलकें आहे, बावीस कॅरटचा भाव याला लागणार नाहीं. घरीं येऊन चिरंजीव सहज बोलून गेले, "बाबांना त्या वेळीं कोणीतरी फसवलेलं दिसतंय." आणि जरा थांबून, "नाही तर त्यांनीच स्वस्तातली घेतली असेल." आजी कांहीं बोलल्या नाहींत. त्या रात्रीं जेवल्या मात्र नाहींत. नातवाच्या तें लक्षांत आलें. अंगठीच्या आंतल्या बाजूस कांहीं तरी कोरलेलें आहे हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. पण साठ वर्षांच्या भांड्याधुण्यानें तें इतकें झिजलें होतें कीं, सराफाच्या भिंगासही तेथें नुसते ओरखडे दिसले. सोमवारीं अंगठी कायमची जाणार. रविवारचा एक दिवस हातीं होता. नातवानें मित्राकडून कॅमेरा मागून आणला.

कॅमेरा येण्यापूर्वीं त्यानें एक प्रयत्न मोबाइलवर करून पाहिला होता. सोनें उन्हांत झळकतें म्हणून भर दुपारच्या उन्हांत, गॅलरीच्या कठड्यावर अंगठी ठेवून. चित्र आलें तें असें : एका कडेला आंधळा करणारा पांढरा ठिपका, बाकीची अंगठी काळसर, आणि त्या काळेपणांत मोबाइल धरलेल्या हाताची आकृति. यांत मोबाइलचा दोष थोडा व सूर्याचा अधिक. सूर्य कितीही प्रखर असला तरी आकाशांत त्याची रुंदी अवघी अर्धा अंश दिसते. अंगठीसारख्या वळलेल्या आरशांत एवढ्याशा दिव्याचें प्रतिबिंब टांचणीच्या टोंकाएवढें पडावयाचें. त्या टोंकांत सारा उजेड एकवटतो आणि उरलेल्या भागांत निळें आकाश, काळा कठडा, हात असें जें समोर येईल तें उमटतें. याच्या उलट, चार फूट रुंदीची खिडकी तीन फुटांवरून पाहिली तर ती पासष्ट अंशांहून अधिक जागा व्यापते. तेवढ्या मोठ्या उजेडाचें प्रतिबिंब अंगठीच्या अंगावर रुंद पट्ट्यासारखें पसरतें, त्याच्या कडा हळूहळू विरत जातात, आणि धातूला गोलाई आहे असें डोळ्यांस वाटूं लागतें. उजेड मऊ कीं कडक हें त्याच्या जोरावर नसून वस्तूच्या मानानें तो किती मोठा आहे यावर अवलंबून असतें. अंगठी लहान असते हा येथें फायदाच. तिच्यापुढें साधी खिडकीही आकाशाएवढी ठरते.

खिडकी कोणती घ्यावी? विलायती पुस्तकांत उत्तरेची खिडकी सांगितलेली असते, कारण त्या देशांत मध्यान्हीचा सूर्य सदा दक्षिणेस असतो व उत्तरेच्या खिडकींतून दिवसभर आकाशाचाच एकसारखा उजेड येतो. नातवानें तें वाचलें होतें. सकाळीं साडेसातला त्यानें उत्तरेच्या खिडकीशीं टेबल मांडलें, तों टेबलाच्या अर्ध्या भागावर उन्हाची तिरीप! मुंबई ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे हें तो विसरला होता. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईचा सूर्य दुपारींही डोक्याच्या किंचित् उत्तरेकडूनच जातो, आणि सकाळ-संध्याकाळीं तर तो ईशान्य-वायव्येकडे सरकलेला असतो. महाराष्ट्रांतल्या माणसानें पुस्तकांतली दिशा घेण्यापूर्वीं महिना पाहावा हें बरें. उपाय सोपा होता. आजींच्या पेटींतलें एक जुनें मलमलीचें धोतर खिडकीवर टांगलें. ऊन त्यावर पडून पसरलें आणि साऱ्या खिडकीचाच एक पांढरा दिवा झाला. साडेनऊ-दहानंतर सूर्य वर चढला, छज्जाची सावली आली, तेव्हां धोतर काढून टाकलें तरी चालण्यासारखें होतें. पावसाळ्यांत ही सर्व यातायात नको. ढगाळ आकाश हेंच सर्वांत मोठें धोतर. पण साखरपुडे पावसाची वाट पाहत नाहींत.

दुसऱ्या चित्रांत ठिपका गेला, पण अंगठीच्या अंगावर हिरवा, तांबडा आणि निळा असे तीन डाग दिसूं लागले. नातवानें बराच वेळ भिंग पुसलें. शेवटीं नातीच्या ध्यानांत आलें कीं, हिरवा डाग म्हणजे आजींचें लुगडें, तांबडा म्हणजे देव्हाऱ्याचा पडदा आणि निळा म्हणजे खुद्द बंधुराजांचा सदरा. सुमारें सहा शतकांपूर्वींच्या एका चित्रकारानें हीच गोष्ट हौसेनें रंगविली आहे. यान व्हान आइक या फ्लेमिश चित्रकाराचें १४३४ सालचें एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. त्यांत एक स्त्री-पुरुषांचें जोडपें हातांत हात देऊन उभें आहे व त्यांच्या मागच्या भिंतीवर एक फुगीर आरसा आहे. त्या तळहाताएवढ्या आरशांत सगळी खोली, खिडकी, जोडप्याच्या पाठी आणि दारांतून आंत येणाऱ्या दोन व्यक्ति, एवढें सर्व वांकलेलें पण स्पष्ट दिसतें. फुगीर पृष्ठभाग हा थोड्या जागेंत सारें कोंबणारा असतो. आणि अंगठीचें बाहेरचें अंग फुगीरच असतें. व्हान आइकला खोली दाखवावयाची होती. येथें ती दडवावयाची होती, इतकाच फरक.

दडविण्याची युक्ति म्हणजे पांढरा कागद. खिडकीच्या समोरच्या बाजूस एक पुठ्ठा उभा केला, एक डोक्यावर आडवा धरला, आणि कॅमेऱ्याकडच्या बाजूस तिसरा. त्याला मधोमध भिंगापुरतें भोंक पाडून. कॅमेरा काळा असतो व तो स्वतःच अंगठींत काळ्या भुतासारखा उमटतो, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. आतां अंगठीला पाहावयास पांढऱ्यावांचून कांहीं उरलें नाहीं. चित्र घेतलें. डाग गेले, आणि त्यांच्याबरोबर सोनेंही गेलें! अंगठी खेळण्यांतल्या प्लॅस्टिकच्या कड्यासारखी फिकी, निर्जीव दिसूं लागली. धातु चकाकतो असें डोळ्यांस वाटण्यास त्यांत पांढऱ्याशेजारीं काळेंही दिसावें लागतें. चकाकी म्हणजे नुसता उजेड नव्हे. उजेड व अंधार यांची जवळजवळची शेजारणी म्हणजे चकाकी. म्हणून मग काळ्या कागदाच्या बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापून त्या पांढऱ्या पुठ्ठ्यांच्या कडेस चिकटविल्या. एकदम अंगठीच्या दोन्हीं कांठांवर बारीक काळ्या रेघा उठल्या, मधला भाग उजळला आणि वस्तु टेबलावर बसल्यासारखी वाटूं लागली. पट्टी अर्धा इंच इकडची तिकडे केली कीं रेघ जाड-बारीक होते. या कामांत कॅमेऱ्यापेक्षां कात्री अधिक उपयोगी पडते.

रंगाचें एक सांगितलें पाहिजे. खिडकींतून येणारा आकाशाचा उजेड निळसर असतो, उन्हाचा त्या मानानें पिवळा, आणि खोलींतला दिवा चालू असेल तर त्याचा तिसराच. डोळा हे भेद मनांतल्या मनांत मिटवितो. कॅमेरा मिटवीत नाहीं. म्हणून दिवे बंद करावे, आणि अंगठीच्या जागीं पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवून कॅमेऱ्यास 'हें पांढरें' असें आधीं शिकवावें. आजकालच्या कॅमेऱ्यांत तशी सोय असते. हें न केल्यास चांगलें सोनें पितळेसारखें आणि हलकें सोनें कुंदनासारखें दिसूं शकतें. तात्पर्य, फोटोवरून कोणी कॅरट ठरवूं नये. तें काम कसोटीचें. आणि कसोटी शनिवारींच बोलून चुकली होती.

आतां जवळपणाची अडचण. बोटांत घालावयाची अंगठी बाहेरून मोजली तर पाऊण-एक इंच. ती चित्रांत मोठी यावयाची म्हणजे तिची भिंगामागची प्रतिमा जवळजवळ तिच्याच आकाराची पडली पाहिजे. साधें भिंग इतकें जवळ नेमकें पाहूं शकत नाहीं. त्यासाठीं मॅक्रो नांवाचें खास भिंग लागतें. शंभर मिलिमीटरचें असेल तर तें अंगठीपासून पांच-सहा इंच दूर राहूनही हें काम करतें. आंखूड असेल तर दोन-तीन इंचांवर जावें लागतें व त्याचीच सावली अंगठीवर पडते. इतक्या जवळ गेल्यावर दोन दंड भरावे लागतात. पहिला उजेडाचा : प्रतिमा वस्तूएवढी झाली कीं भिंगांतून येणारा उजेड पडद्यावर चौथाई उरतो. दुसरा दंड भारी आहे. नीट स्पष्ट दिसणारा थर कागदासारखा पातळ होतो. पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यांत, भिंगाचें छिद्र एफ ८ वर ठेवलें असतां, त्या थराची जाडी सुमारें एक मिलिमीटर. १६ वर ठेवलें तर दोन. अंगठीचा पुढचा कांठ स्पष्ट आला कीं मागचा धुक्यांत जातो. छिद्र याहून बारीक करीत गेलें तर प्रकाशाच्या लहरी त्याच्या कांठांवर वांकून सारेंच चित्र किंचित् मऊ होतें, म्हणजे तोही मार्ग फार पुढें जात नाहीं.

यावर दोन तऱ्हेचे लोक दोन उपाय करतात. कांहीं जण कॅमेरा केसभर पुढें सरकवीत दहा-वीस चित्रें घेतात आणि संगणकावर प्रत्येकाचा स्पष्ट भाग जोडून एक चित्र करतात. काम सुंदर होतें, पण त्यांत एक प्रकारचा थंडपणा येतो. डोळा कधींच असें पाहत नाहीं. दुसरे जण कोणता एक भाग स्पष्ट हवा तें आधीं ठरवितात व बाकीचा धुक्यांत जाऊं देतात. लग्नाच्या अंगठीस दुसरी रीत अधिक शोभते. जेथें घांसली आहे, जेथें चरा आहे, जेथें नांव आहे, तेथें नजर ठरवावी.

छिद्र बारीक, उजेड चौथाई, आणि दिवा म्हणजे धोतरामागचें आकाश. तेव्हां कॅमेऱ्याचें दार पाऊण-एक सेकंद उघडें ठेवणें भाग पडलें. एवढ्या वेळांत हातांत धरलेला कॅमेरा थरथरल्यावांचून राहत नाहीं. तिपाईवर बसवूनही पहिलीं चार चित्रें हललेलीं आलीं, कारण डोक्यावर पंखा फिरत होता व दर तीन-चार मिनिटांनीं खालून लोकल जात होती. मे महिन्यांत दादरला पंखा बंद करावयाचा म्हणजे घरांतल्या सर्वांचा शाप घ्यावयाचा. तो घेतला. कळ बोटानें न दाबतां दहा सेकंदांच्या गजरावर सोडली, दोन लोकलच्या मधली वेळ साधली, तेव्हां कोठें चित्र स्थिर आलें. अंगठी उभी राहीना, ती गडगडून दोनदां टेबलाखालीं गेली. खालीं तांदळाच्या दाण्याएवढें मेण लावल्यावर ती उभी राहिली.

मध्यंतरी एक वाद झाला. जवळून पाहतांना अंगठीवर बोटांचे ठसे, सुताचे तंतु आणि खांचेंत बसलेला काळा मळ असें सर्व पहाडासारखें दिसूं लागलें. नातवानें दंतमंजन आणून ती लख्ख करण्याचा बेत केला. आजींनीं त्याचा हात धरला. "घासू नकोस. ओरखडे जातील." "आजी, ओरखडे जावेत म्हणूनच तर घासायची!" "मग फोटो कशाचा काढणार तू?" या प्रश्नास उत्तर नव्हतें. कोमट पाण्यांत साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, मऊ फडकें, एवढ्यावर भागविलें. मळ निघाला व ओरखडे राहिले. दंतमंजनाची पूड सोन्याहून कडक असते व नवे चरे पाडते, हें शास्त्रही आजींच्या बाजूचेंच होतें.

नातीला आपल्या साखरपुड्याच्या निमंत्रणासाठीं एक चित्र हवें होतें : उघड्या पुस्तकाच्या मधल्या घळींत अंगठी उभी करावयाची आणि मागून उजेड सोडावयाचा, म्हणजे पानांवर हृदयाच्या आकाराची सावली पडते. पानें मधून खोल व बाजूंस फुगीर असतात, त्या उतारांवर अंगठीची गोल सावली दुभंगते, एवढेंच त्यांतलें रहस्य. हजारो निमंत्रणांवर हें चित्र येऊन गेलें आहे आणि आतां त्यांत बदामाखेरीज कांहीं दिसत नाहीं. अंगठी कोणाचीही असो, सावली एकच. त्यापेक्षां उन्हाच्या तिरिपींत अंगठी पांढऱ्या कागदावर नुसती आडवी ठेवून पाहावी. तिच्या पोटांत सोनेरी उजेडाची एक टोंकदार कमान उमटते, जशी कपांतल्या चहावर उमटते. गोल भिंतीवरून परतलेले किरण एकमेकांस जेथें घासून जातात तेथें ती रेघ पडते. हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञानें प्रकाशावरील आपल्या १६९० च्या ग्रंथांत या कमानीचा विचार केलेला आहे. धोतर बाजूस सारून नातवानें तेंही चित्र घेतलें. नातीस तें आवडलें नाहीं. आजींस आवडलें.

खरें काम अजून राहिलेंच होतें, तें आंतल्या अक्षरांचें. अंगठीचें आंतलें अंग हा खोलगट आरसा. त्यांत समोरच्या आंतल्या भिंतीचें प्रतिबिंब पडतें, त्या प्रतिबिंबाचें पुन्हां प्रतिबिंब, असा सगळा गोंधळ. खिडकीच्या भरपूर मऊ उजेडांत तेथें नुसतें सोनेरी तेज दिसे; अक्षर नांवालाही नाहीं. येथपर्यंत ज्या मऊपणासाठीं धडपड केली तोच येथें शत्रु झाला. झिजलेलें अक्षर म्हणजे काय, तर केसाहून उथळ अशी खांच. तिच्यांत सर्व बाजूंनीं उजेड शिरला तर ती भरून निघते. एकाच बाजूनें, पृष्ठभागास जवळजवळ चाटून जाणारा उजेड सोडला, तर खांचेचा एक कांठ उजळतो व दुसऱ्याची सावली पडते. शेतांतले बांध दुपारीं विमानांतून दिसत नाहींत, पण सूर्य मावळतीला आला म्हणजे ठळक दिसतात, तशांतला प्रकार. जुन्या शिलालेखांचीं व नाण्यांचीं छायाचित्रेंही याच तिरप्या उजेडांत घेतात.

नातवानें खिडकीचें दार लोटून अवघी दोन बोटें फट ठेवली. धोतर काढून टाकलें. अंगठी आडवी ठेवली, अलीकडच्या कांठावरून पलीकडच्या आंतल्या भिंतीवर भिंग रोखलें, आणि अलीकडच्या आंतल्या भिंतीस काळ्या कागदाची चिंधी चिकटविली, म्हणजे खोलगट आरशास प्रतिबिंब दाखवावयास काळोखावांचून कांहीं राहूं नये. मग मेणावर बसविलेली अंगठी एक-एक जव फिरवीत प्रत्येक तुकड्याचें चित्र घ्यावयास आरंभ केला. फटींतला उजेड थोडका, त्यामुळें एकेक चित्रास आठ-दहा सेकंद. त्यांत लोकलचा हिशेब निराळा. अकरा चित्रें ओरखड्यांचीं आलीं. बाराव्यांत काळ्या भुईवर चंदेरी कांठाचीं दोन अक्षरें उभीं राहिलीं, आजी-आजोबांच्या नांवांचीं पहिलीं अक्षरें. तेराव्यांत '१९६३'. चौदाव्यांत, सालापासून जरा दूर, एका चौकोनी ठशांत '१४', आणि पुढें इंग्रजी अक्षराची एक उभी दांडी.

चिरंजीवांस बोलावलें. त्यांनीं संगणकाच्या पडद्यावर पाहिलें आणि म्हणाले, "चौदा म्हणजे काय? लग्न तर चौदा तारखेचं नाही." तेव्हां आजी पहिल्यानें बोलल्या. "चौदा कॅरट. त्या वर्षी तेवढंच मिळत होतं. बावीसचं करणं गुन्हा होता."

गोष्ट खरी आहे. चीनशीं झालेल्या १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ च्या जानेवारींत सरकारनें सुवर्णनियंत्रणाचे नियम अमलांत आणले. मोरारजी देसाई त्या वेळीं अर्थमंत्री होते. चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास त्या नियमांनीं बंदी झाली. चोवीस भागांपैकीं चौदा भाग सोनें व दहा भाग तांबें-चांदीसारख्या धातु, असें तें सोनें. घरोघर त्याची थट्टा होई, सोनारांचा धंदा बसला, आणि चोरून बावीसचें करून देणारेही निघाले. पुढें १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा आला व तो १९९० मध्यें रद्द झाला. आजच्या खरेदीदारास या कशाची आठवण असण्याचें कारण नाहीं. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें हॉलमार्क सक्तीचा झाला असून नव्या दागिन्यावर अक्षर-अंक मिळून सहा चिन्हांची खूण लेसरनें उमटविलेली असते. तीही वाचावयाची तर असाच तिरपा उजेड उपयोगी पडतो.

"मग काल तूं बोलली कां नाहीस?" चिरंजीवांनीं विचारलें. आजी म्हणाल्या, "चोरून करून देणारा सोनार त्यांना भेटला होता. ते नाही म्हणाले. मीच तेव्हा रुसले होते त्यांच्यावर, चौदाची अंगठी घालणार नाही म्हणून. आता कुठल्या तोंडानं सांगू?" चिरंजीव उठून खिडकीपाशीं गेले व त्यांनीं लोटलेलें दार उघडलें. पंखा कोणीतरी सुरू केला.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अक्षरें कोठें आहेत व उजेड कोठून हवा हें कळल्यावर तोच '१४' घरांतल्या दहा रुपयांच्या भिंगांतूनही सर्वांनीं पाहिला. कॅमेऱ्यानें जें केलें तें एवढेंच कीं, त्यानें एका माणसास सहा तास खिडकीशीं बसविलें.

दुपार कलल्यावर शेवटचें चित्र घेतलें तें आजींच्या हाताचें, अंगठीसह. हाताबरोबर अंगठी आली म्हणजे उजेडाचा प्रश्न पुन्हां बदलतो. सुरकुतलेल्या कातडीस बाजूचा उजेड हवा व सोन्यास पांढरा पुठ्ठा हवा, आणि दोहोंचें एकमत करावें लागतें. अंगठी घातलेल्या हाताचें जगांतलें सर्वांत प्रसिद्ध चित्र उजेडावांचूनच घेतलेलें आहे. राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञानें २२ डिसेंबर १८९५ रोजीं आपल्या पत्नीचा हात नव्यानेंच सांपडलेल्या क्ष-किरणांखालीं ठेवला. मांस विरघळल्यासारखें झालें, हाडें दिसलीं, आणि एका बोटाच्या हाडाभोंवतीं अंगठीचें काळें कडें. तेथें सोन्याची चकाकी नाहीं, प्रतिबिंब नाहीं. किरणांस आडवें येणारें धातूचें जडपण तेवढें आहे. आजींच्या हाताच्या चित्रांत नातवानें अंगठीच्या वरच्या एका चऱ्यावर नजर ठरविली. हात स्थिर राहावा म्हणून मनगटाखालीं घडी घातलेला टॉवेल ठेवला होता. तरी एक सेकंद तो राहीना, म्हणून भिंगाचें छिद्र मोठें करून पावसेकंदांत काम उरकलें. बोटें जरा धुक्यांत गेलीं. खिडकीचा रुंद पट्टा अंगठीवर आला आहे, आणि पुठ्ठा धरावयास कोणी नव्हतें म्हणून त्या पट्ट्याशेजारीं निळ्या सदऱ्याचा डाग पुन्हां उमटला आहे. तो पुसण्याची सोय संगणकावर आहे. नातवानें तो पुसला नाहीं.

चित्रांच्या छापील प्रति काढतांना प्रत्येकीशेजारीं मोजपट्टीचा एक तुकडा ठेवून घेतलेलें एकेक चित्रही जोडावें, म्हणजे पुढें पाहणारास वस्तु केवढी होती तें समजतें. आणि मागें पेन्सिलीनें तारीख, जागा व वस्तूचें नांव लिहावें. पडद्यावरचीं चित्रें पडद्याबरोबर जातात असा अनुभव एव्हांना घरोघर आला आहे. या घरांत चौदाव्या चित्राच्या दोन प्रति काढल्या गेल्या. एक आजींनीं पेटींत, धोतराच्या घडींत ठेवली.

सोमवारीं संध्याकाळीं चिरंजीव दुसरी घेऊन सराफाकडे गेले. सराफानें चित्र पाहिलें, अंगठी पुन्हां तिरपी धरून पाहिली आणि मान हलविली. अंगठी आटवावयाची हें ठरलेलेंच होतें. आजींनींही तसेंच सांगून पाठविलें होतें. वजन पावणेतीन ग्रॅम भरलें. पावती लिहितांना सराफानें 'जुनें सोनें' एवढेंच लिहिलें, तेव्हां चिरंजीवांनीं त्याला थांबवून पुढें आणखी लिहावयास लावलें : 'चौदा कॅरट, सन १९६३'.